तंबोऱ्यातलं सूत आणि पियानोतला स्क्रू

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरात रेल्वे लाईन्स भागातल्या एका जुन्या घरात आजोबांनी घेतलेला उभा पियानो आहे. बरीच वर्षं तो बंदच आहे. तारांमध्ये स्क्रू, रबर, कागद अडकवून वाजवलेला पियानो नातीच्या ऐकण्यात आला आणि तसा आवाज तिला घरच्या पियानोतून काढायचा आहे. तिचे प्रश्न तीन आहेत. यानं पियानो बिघडेल का? सुरुवात कशानं करायची? तिसरा प्रश्न तिच्या आईचा आहे. आई शास्त्रीय गाणं शिकलेल्या आहेत आणि त्या विचारतात, चांगल्या वाद्याच्या तारांत खिळे-स्क्रू घालायचे, याला संगीत कसं म्हणायचं?

मी तीसेक वर्षं सोलापुरात बाजाच्या पेट्या दुरुस्त करतो. पियानोचं काम मुंबईत राहून शिकलो. आपल्याकडे पियानो बोटांवर मोजण्याइतके, त्यामुळे जो हाती लागला त्याच्याजवळ मी भरपूर वेळ घालवला. तारांत वस्तू बसवण्याचं काम मी नाटकांसाठी आणि काही तरुण संगीतकारांसाठी केलं आहे, आणि चुकाही केल्या आहेत. त्यातलं उपयोगाचं तेवढं सांगतो.

आईंचा प्रश्न आधी घेतो, कारण त्याचं उत्तर त्यांच्या तंबोऱ्यातच आहे. तंबोरा लावताना घोडीवर तारेखाली सूत सरकवतात. नुसती तार घोडीवर टेकवली तर आवाज कोरडा आणि आखूड येतो. सुताची ती बारीक गुंडी केसभर पुढे-मागे केली की एका क्षणी तार उघडते, झंकार लांबतो आणि आपण म्हणतो, जवारी लागली. तारेच्या एका बिंदूवर बाहेरची वस्तू ठेवून तिचा आवाज बदलणं याहून वेगळं काय असतं? तंबोरे मिरजेत घडतात, पण त्यांचे भोपळे आपल्या मंगळवेढा-पंढरपूर पट्ट्यात पिकतात. म्हणजे हे शहाणपण आपल्या उंबऱ्यापाशीच आहे. पखवाजाचं तर त्याहून स्पष्ट. भजनाला बसण्याआधी पखवाजी डाव्या पुडीवर ओल्या कणकेचा गोळा थापतो. कणकेच्या वजनानं पुडी जड होते, सूर खाली उतरतो आणि तो खोल घुमारा मिळतो. वाजवून झालं की कणीक खरवडून काढायची, पुडी पुसायची. कुणीही त्याला वाद्याची नासधूस म्हणत नाही. कणकेचा गोळा किती घ्यायचा, कुठे थापायचा, हे पखवाजी कानानं ठरवतो. पियानोतही नेमकं तेच करायचं आहे.

आता हे पियानोत कसं आलं ते सांगतो, कारण त्यात आपल्याकडचा एक धागा आहे. जॉन केज हा अमेरिकन संगीतकार १९४० साली सिएटलच्या कॉर्निश स्कूलमध्ये नृत्यवर्गांना साथ करत होता. सिव्हिला फोर्ट या नर्तिकेला तिच्या 'बकानाल' या नृत्यासाठी संगीत हवं होतं. केजच्या मनात तालवाद्यांचा ताफा होता, पण रंगमंच इतका अरुंद की एका पियानोपलीकडे काही मावत नव्हतं. मग त्यानं पियानोलाच तालवाद्य करायचं ठरवलं. आधी तारांवर ओव्हनमधली पत्र्याची थाळी ठेवली, ती उसळत राहिली. खिळा घातला, तो घसरला. स्क्रू घातला, तो दोन तारांमध्ये आट्यांनी धरून बसला. ही गोष्ट मी नेहमी सांगतो, कारण तिच्यात कामाची खरी पद्धत आहे: वस्तू जागेवर राहिली पाहिजे, तरच आवाज पुन्हा तसाच येतो. आणि त्या पहिल्या रचनेत सगळे मिळून बाराच स्वर बदललेले होते, तेही बहुतेक दार-खिडकीच्या फटीत लावतात तशा मऊ तंतूंच्या पट्टीनं.

त्याआधीही प्रयत्न झाले होते. केजचे गुरू हेन्री कॉवेल यांनी १९२५ च्या 'द बॅन्शी' या रचनेत पट्ट्यांना हातच लावला नाही. वादक पियानोच्या आत वाकून जाड तारांवरून बोटं आणि नखं घासत नेतो आणि दुसरा माणूस पेडल दाबून धरतो. मॉरिस दलाज हे फ्रेंच संगीतकार भारत पाहून गेले होते. त्यांच्या 'रागमालिका' या रचनेत एका स्वराच्या तारांखाली पुठ्ठ्याचा तुकडा घालायला सांगितलं आहे, आपल्याकडच्या चर्मवाद्याचा ठोका यावा म्हणून. पियानोत पुठ्ठा घालायचं एक कारण आपला मृदंगच होता, हे मला फार मोलाचं वाटतं.

धागा इथे संपत नाही. १९४६ साली अहमदाबादच्या गीता साराभाई पाश्चात्त्य संगीत शिकायला न्यूयॉर्कला गेल्या. त्या विक्रम साराभाईंच्या भगिनी, आणि पखवाज वाजवणाऱ्या पहिल्या मोजक्या स्त्रियांपैकी एक. केजनं त्यांना त्याच्याकडचं शिकवलं, त्यांनी त्याला आपल्याकडचं. संगीत कशासाठी, असं त्यानं विचारलं तेव्हा त्यांनी आपल्या गुरूंचं म्हणणं सांगितलं: मन शांत व्हावं, म्हणजे त्यात दैवी गोष्टींना जागा होते. त्याच काळात, १९४६ ते १९४८ मध्ये, केजनं 'सोनाटाज अँड इंटरल्यूड्स' लिहिलं. सोळा सोनाटा, चार इंटरल्यूड, पंचेचाळीस स्वरांच्या तारांत वस्तू. विषय आपले रस: आठ स्थायी भाव आणि त्यांचा कल ज्याकडे आहे तो शांत. आईंना हे जरूर सांगा. आणि शक्य झालं तर ते संगीत रात्री दिवे मंद करून त्यांच्याबरोबर ऐका. बऱ्याच ठिकाणी तो पियानो आहे हे विसरायला होतं.

आता तुमच्या पियानोकडे येतो. पहिल्या दिवशी त्यात काहीही घालू नका. फक्त उघडा. वरचं झाकण उचला, समोरच्या वरच्या फळीच्या दोन्ही बाजूंना आत फिरत्या खिट्ट्या असतात त्या वळवा, फळी सुटेल. खालची फळी काढायला पट्ट्यांच्या फळीखाली मधोमध हात घाला, तिथे पोलादी पट्टीची स्प्रिंग असते. ती वर दाबली की फळी पुढे झुकते. टॉर्च घेऊन बघा. तारांवर तांबूस गंज आहे का, तारांवर आपटणाऱ्या हॅमरच्या नमद्याला, म्हणजे जाड लोकरी थराला, कसर लागली आहे का, तळाशी उंदरांनी काही करून ठेवलंय का. मागचा साउंडबोर्ड, म्हणजे तारांचा आवाज मोठा करणारी लाकडी फळी, भेगाळलाय का तेही पाहा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ पर्यंत जातो, हवा कोरडी ठणठणीत होते आणि लाकूड आक्रसतं. तारांच्या खुंट्या ज्या लाकडात ठोकलेल्या असतात ते सुकलं की खुंट्या सैल पडतात आणि सूर टिकत नाही. खुंट्या सैल असतील किंवा गंजानं तार खडबडीत झाली असेल, तर आधी जाणकाराला दाखवा.

एक गोष्ट मनात पक्की ठेवा. पियानोत २३० च्या आसपास तारा असतात आणि एकेका तारेवर साधारण ७० ते ८० किलोचा ताण असतो. सगळा ताण मिळून १६-१८ टनांच्या घरात जातो. बिडाची चौकट तो पेलते म्हणून आपल्याला तो जाणवत नाही. जुनी गंजकी तार तुटली तर चाबकासारखी येते. तारांजवळ तोंड नेताना चष्मा घालाच, आणि खुंट्यांना हात लावू नका. काही जण तारा मुद्दाम उतरवून किंवा चढवून वेगळे सूर काढतात. जुन्या पियानोवर मी ते कधीच करत नाही आणि तुम्हीही करू नका. उतरवलेली तार परत चढवताना तुटण्याची भीती सर्वांत जास्त असते, आणि एकीकडचा ताण बदलला की शेजारच्या ताराही सुरातून हलतात.

हे सगळं ठीक निघालं तर पियानो सुरात लावून घ्या. लोकांना हे विचित्र वाटतं, की आवाज बिघडवायचाच आहे तर सूर कशाला लावायचा. पण तुम्ही आवाज बिघडवत नसता, बदलत असता. एका स्वराच्या तिन्ही तारा आपसात जुळलेल्या नसतील तर मूळचा बेसूर कुठला आणि तुमच्या स्क्रूनं आलेला रंग कुठला, हे कानाला कळणारच नाही. तंबोरा बेसुरा असताना कुणी जवारी काढायला बसत नाही. सूर लावायचा तो पाऊस संपून हवा स्थिर झाली की, म्हणजे साधारण नोव्हेंबरपासून पुढे. पावसाळ्यात ओल धरून साउंडबोर्ड फुगतो आणि सूर चढतो, उन्हाळ्यात उतरतो. गड्ड्याची यात्रा असते त्या जानेवारीच्या सुमारास सोलापूरची हवा या कामाला सर्वांत चांगली.

तुम्ही जे व्हिडिओ पाहिलेत ते बहुधा आडव्या ग्रँड पियानोवरचे असणार. तुमच्या उभ्या पियानोत दोन गोष्टी वेगळ्या आहेत. ग्रँडमध्ये वस्तू तारांवर आपल्या वजनानं बसते, उभ्यात ती खाली पडू पाहते, आणि पडली तर थेट हॅमरच्या यंत्रणेत जाऊन अडकते. दुसरं, ग्रँडमध्ये डावं पेडल दाबलं की अख्खी यंत्रणा बाजूला सरकते आणि हॅमर तीनपैकी दोनच तारांवर बसतो. केजनं याचा फार सुंदर उपयोग केला आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या तारेत स्क्रू असेल तर एरवी पहिल्या मोकळ्या तारेचा मूळ सूर आणि घंटेसारखा आवाज एकत्र येतात. पेडल दाबलं की नुसती घंटा उरते. उभ्या पियानोत डाव्या पेडलनं हॅमर फक्त तारांच्या जवळ येतात, म्हणून ही करामत तुम्हाला मिळणार नाही. तिचा नाद सोडा.

हात पोचतील अशा जागाही मोजक्याच. वरून हॅमरच्या वरचा आखूड तुकडा मिळतो, खालून ब्रिजजवळचा, म्हणजे तारा टेकतात त्या पियानोच्या घोडीजवळचा, तुकडा मिळतो, आणि मधला मोठा भाग यंत्रणेमागे दडलेला असतो. पण तेवढ्यावर पुष्कळ होतं.

सुरुवात कापडानं करा, हे मी ठासून सांगतो. लोखंडाचा मोह आधी होतो, कारण त्याचा आवाज लगेच चमत्कारिक येतो. पण कान तयार होतो तो मऊ वस्तूंनी. सोलापुरात सुती कापडाला तोटा नाही. चादरीच्या कारखान्यातून कापून टाकलेल्या किनारीच्या पट्ट्या मागून आणा, बोटभर रुंदीच्या. मधल्या सप्तकात हॅमरच्या वर ही पट्टी तारांमधून विणत न्या, एका तारेच्या वरून, दुसरीच्या खालून, जसा बाण्याचा धागा ताण्यातून जातो तसा. हलक्या हातानं वाजवा. स्वर ओळखू येईल, पण त्याची शेपटी छाटलेली असेल. लाकडावर बोटानं टकटक केल्यासारखा ठोका. पट्टी थोडी वर सरकवा, म्हणजे तारेच्या टोकाकडे, सूर जरा उघडेल. हॅमरच्या दिशेनं खाली आणा, आणखी मिटेल. तेच कागदाच्या पट्टीनं करून बघा. पातळ पतंगाचा कागद असेल तर तार कागदावर फडफडते आणि बँडमधल्या साइड ड्रमच्या तारांसारखी झणझण येते. एवढ्यावर आठवडाभर थांबलात तरी वेळ वाया जाणार नाही.

काही वर्षांपूर्वी एका नाटकासाठी मी असंच काम केलं. नाटक सोलापूरच्या पूर्व भागातल्या यंत्रमाग कामगारांवर होतं आणि दिग्दर्शकाला मागाचा ध्वनिमुद्रित आवाज नको होता, वाजवलेला हवा होता. मधली दोन सप्तकं किनारीच्या पट्ट्यांनी विणली, खर्जातल्या दोन स्वरांना रबराच्या पाचरी लावल्या, त्यांचा आवाज डग्ग्याच्या बंद बोलासारखा येत होता. धोट्यातली धाग्याची कांडी संपून माग थांबतो त्या क्षणासाठी पितळी स्क्रूचा एक स्वर, आणि सगळ्यात वरचा एक स्वर मुद्दाम स्वच्छ ठेवला. तालमीला एक निवृत्त कामगार येऊन बसले होते. थोडं ऐकून म्हणाले, आवाज बरोबर आहे, पण माग इतका रेंगाळत नाही, धोट्याला परतायची घाई असते. आम्ही लय वाढवली, आणि तेव्हा कुठे तो माग झाला. मी इतके दिवस आवाजाच्या रंगामागे लागलो होतो आणि लयीकडे माझं लक्षच नव्हतं.

आता एक प्रयोग सांगतो. तो आईंना बरोबर घेऊन करा. पियानोच्या अगदी डाव्या टोकाला तांब्याच्या तारेचं वेष्टण असलेल्या जाड, एकेकट्या तारा असतात. त्यातली एक निवडा. खालची फळी काढून ब्रिजवरच्या पिनेपासून वरच्या टोकाच्या आधारापर्यंत तारेची लांबी मोजा. समजा ती ११५ सेंटिमीटर भरली. ब्रिजपासून वर २३ सेंटिमीटरवर, म्हणजे पाचव्या हिश्श्यावर, साउंडबोर्डला धक्का न लावता शेजारी कागदाची खूण ठेवा. आईंना त्या तारेची पियानोची पट्टी दाबून धरायला सांगा, आणि तुम्ही त्या खुणेवर नमद्याच्या तुकड्यानं तारेला नुसता स्पर्श करा, दाबू नका. खर्ज विरघळून जाईल आणि त्याच्या दोन सप्तकं वर गंधार उभा राहील. तंबोऱ्याच्या खर्जातून ऐकू येतो तोच स्वयंभू गंधार, इथे सुटा करून समोर ठेवलेला. मग नमदा खाली आणा, १९ सेंटिमीटरच्या जवळ. पंचम येईल. वर २९ च्या जवळ न्या, तिथे षड्ज सापडेल. १६ आणि १७ च्या मध्ये एक उतरलेला कोमल निषाद दडलेला आहे, पेटीवर न सापडणारा. तार एकच, पट्टी तीच, आणि वीतभर अंतराच्या आत इतके स्वर. तिथे स्पर्श केला की ज्या आंदोलनांना त्या बिंदूवर हलायची गरज नसते तेवढीच टिकतात, बाकीची मिटतात. सगळं शास्त्र एवढंच आहे. मी हा प्रयोग पहिल्यांदा केला तेव्हा दुकानाचं शटर ओढून रात्री उशिरापर्यंत एकाच तारेपाशी बसलो होतो.

याच्यावरून पुढचं सगळं कळतं: कोणती वस्तू घातली यापेक्षा ती कुठे घातली याला महत्त्व जास्त. तोच स्क्रू बोटभर सरकला की निराळा आवाज.

स्क्रूनं घंटेसारखा आवाज का येतो? मोकळ्या तारेची वरची आंदोलनं मूळ सुराच्या जवळपास दुप्पट, तिप्पट, चौपट अशी शिस्तीत असतात, म्हणून कान त्यांना मिळून एक सूर म्हणतो. तारेच्या मध्येच एका जागी वजन बसवलं की ती शिस्त मोडते. स्क्रूच्या अलीकडचा तुकडा वेगळा बोलतो, पलीकडचा वेगळा, आणि दोन शेजारच्या तारा एकमेकींना बांधल्या जातात. घंटेत, थाळीत आंदोलनं अशीच शिस्त सोडून असतात, म्हणून कानाला घंटा आठवते. रबर याच्या उलट वागतं. ते वरची आंदोलनं पिऊन टाकतं आणि नुसता धप्प असा गाभा ठेवतं. स्क्रूवर सैल नट ठेवला तर तो थरथरतो आणि घुंगरासारखी किणकिण जोडली जाते.

घालायची रीत अशी. एका स्वराच्या दोन तारांमधलं अंतर जेमतेम २-३ मिलिमीटर असतं. स्क्रू त्याहून किंचित जाड हवा, पण इतकाही नको की तारा बाजूला ढकलल्या जातील. तारा फाकल्या तर त्या ब्रिजवरच्या पिनेवर वाकतात आणि ती वाक पुन्हा निघत नाही. पितळेचे छोटे, दोन सेंटिमीटरचे स्क्रू घ्या. पितळ तारेच्या पोलादापेक्षा मऊ आहे, ओरखडा पडला तर स्क्रूवर पडेल. तांब्याच्या वेष्टणाच्या तारांत मात्र कुठलाच धातूचा आटा घालू नका. तिथे रबर किंवा नमदा. उजवं पेडल कुणाला तरी दाबून धरायला लावा, म्हणजे डॅम्पर, तारांचा आवाज मिटवणारे नमदा लावलेले ठोकळे, तारांपासून दूर होतात आणि त्यांचा नमदा दुखावत नाही. मग हलक्या हातानं फिरवत स्क्रू बसवा. ठोकायचा नाही, रेटायचा नाही. आणि प्रत्येक वस्तूला, अगदी छोट्या पाचरीलाही, रंगीत दोरा बांधून त्याचं टोक बाहेर ठेवा. पडली तर दोऱ्यानं ओढून काढता येते. लोखंडी स्क्रू एक वेळ चुंबकानं निघतो, पितळी निघत नाही.

माझ्या हातून झालेली चूक सांगतो. एका घरी मी पेन्सिल खोडायच्या रबराचे तुकडे काही तारांत बसवले होते. प्रयोग एप्रिलात संपला, घरची मंडळी गावाला जाणार होती, आणि मी म्हटलं परत आल्यावर काढू. ते जूनमध्ये परतले. बंद घर, वरचा मजला, सोलापूरचा मे. रबर विरघळून तारांना चिकटलं होतं आणि तांब्याचं वेष्टण काळं पडलं होतं. रबरात गंधक असतं, ते तांब्याला काळवंडतं, हे मला वाचून ठाऊक होतं, तरी मी ते तसंच सोडलं. चार जाड तारा बदलाव्या लागल्या. त्या मापाच्या तारा बनवून यायला दोन महिने गेले आणि तोवर त्या घरातल्या मुलाचा रियाज थांबला. तेव्हापासून माझा नेम आहे: संध्याकाळी घातलेलं रबर रात्री निघालंच पाहिजे. चिकटपट्टी, डिंक, च्युइंग गम, प्लॅस्टिसिन यांतलं काहीही तारेला लावायचं नाही. उघड्या बोटांनी तार हाताळली तर घामाचा डाग पडतो आणि त्यावरच गंज धरतो, म्हणून सुती हातमोजे घाला, किंवा शेवटी कोरड्या मऊ कापडानं पुसा.

एक वही करा. केजच्या छापील संगीताच्या सुरुवातीला तक्ता असतो: कोणता स्वर, कोणत्या दोन तारांमध्ये, कोणती वस्तू, डॅम्परपासून किती अंतरावर. तुमच्या वहीत डॅम्परऐवजी ब्रिजपासून किंवा वरच्या टोकापासून अंतर लिहा, मिलिमीटरमध्ये. स्वरांची नावं आईंना सोयीची अशी, पांढरी एक, काळी दोन, चालतील. दोघी मिळून काम करणार असाल तर तीच बरी. समोर आवाजाचं वर्णन एका शब्दात: घंटा, डग्गा, पत्रा, टाळ. इतकं लिहूनही दुसऱ्या पियानोवर तोच आवाज येणार नाही, याची तयारी ठेवा. केजनं स्वतः पुढे कबूल केलं की सुरुवातीला त्याला आवाज आपल्या ताब्यात ठेवायचे होते, पण एका पियानोवरून दुसऱ्यावर जाताना त्याला उमगलं की दोन वादक सारखे नसतात आणि दोन पियानोही नसतात. तुमच्या आजोबांचा पियानो वर्षानुवर्षं सोलापूरची हवा पिऊन बसला आहे. त्याचा आवाज त्याचाच असणार.

रचना करताना सगळे स्वर बदलू नका. सहा-सात पुरेत, दहा खूप झाले. त्यांच्या आजूबाजूला मोकळे स्वर ठेवा, कारण मोकळ्या स्वराशेजारीच बदललेला स्वर ऐकू येतो. सगळाच पियानो खडखडायला लागला की पाच मिनिटांत कान थकतो. मला विचाराल तर एखादा तालाचा ठेका घ्या, झपताल घ्या, आणि त्याचे बोल तुमच्या सहा आवाजांत वाटून द्या. खाली, भरी कुठे मिटवायची, कुठे उघडायची, हे आई तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. ध्वनिमुद्रण करायचं तर मोबाईल समोर न ठेवता पियानोच्या मागे, साउंडबोर्डपासून हातभर अंतरावर ठेवा. उभ्या पियानोचा खरा आवाज तिकडून निघतो.

नायलॉनच्या दोरीला राळ लावून ती तारेमागून ओवून सारंगीसारखी ओढायचीही पद्धत आहे. अमेरिकेतल्या स्टीफन स्कॉट यांनी १९७७ पासून दहा जणांचा ताफा एका ग्रँड पियानोभोवती उभा करून तसं संगीत केलं. पण राळेची पूड तारांवर बसते आणि घरच्या पियानोतून ती काढणं कटकटीचं काम आहे. वर्षभर बाकीचं करून झाल्यावर तिकडे वळा.

वस्तू काढताना घालण्याइतकाच वेळ द्या. पुन्हा पेडल दाबून धरा, स्क्रू उलटा फिरवत काढा, कापडाची पट्टी एका टोकाकडून हळू ओढा. मग डावीकडून उजवीकडे प्रत्येक पट्टी एकदा सावकाश दाबा. ज्या स्वराचा आवाज नीट मिटत नाही तिथला डॅम्पर तपासा. जो जरा हललेला वाटेल त्याची वहीत नोंद करा, म्हणजे पुढच्या वेळी पियानो लावायला येणाऱ्याला दाखवता येईल. वस्तूंचा डबा वेगळा ठेवा आणि त्याच्या झाकणावर आत काय किती आहे ते लिहून चिकटवा. घालण्याआधी मोजा, काढल्यावर मोजा. एक जरी वस्तू कमी भरली तरी फळ्या बंद करू नका आणि एकही पट्टी दाबू नका; टॉर्च घेऊन आधी ती शोधा.